दगडासारख्या कुंड्या

मोलेपोलोले,
बुधवार, सकाळ

प्रिय ओलेबिले,

हे पत्र तुला रा-थुसोने दिलं असेल. त्याने ते कुठे दिलं आणि तुझा हा पत्ता मला कसा कळला, हे तुझ्या मनात आधी येईल. ते मी शेवटी लिहिणार आहे. मधलं गाळून तिकडे जाऊ नकोस. लहानपणी गोष्ट ऐकताना तुझी ती खोड होती. ससा मेला की जगला एवढंच सांग, म्हणायचास, आणि कूस बदलून झोपून जायचास.

गोराताची मागणी या शनिवारी आहे. फोनवर मी निरोप ठेवले ते तू ऐकले असशील. मुलाचं नाव फेन्यो. कान्येचा आहे, तिच्याच दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसतो. कमी बोलतो. घरचे लोक बरे आहेत, जरा ताठ आहेत, पण कान्येचे म्हटल्यावर तेवढं चालायचंच. ते पहाटे येतील, फाटकाबाहेर थांबतील, आत घेतल्यावर मुलगी न म्हणता पाण्याचा तुंबा मागायला आलो म्हणतील, आणि त्यांना उत्तर द्यायला आपल्याकडून मुलीचा मामा लागेल. मी तिची आई आहे, पण लग्न न झालेल्या बाईला त्या बैठकीत चटई नसते. मी मागे चुलीपाशी असेन आणि कुडाच्या आडून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकेन. तिचा बाप लोबात्सेला दुसऱ्या संसारात आहे, त्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे बोलणं तुझं, देजाच्या गाई ठरवणं तुझं, मुलगी दिली म्हणणंही तुझंच. तू आला नाहीस तर आपला चुलतभाऊ रा-पुसो तुझ्या जागी बसेल. त्याने बैठकीला घालायचं जाकीट धुऊन वाळत घातलं आहे, रस्त्यावरून दिसेल असं. गोराता म्हणते, रा-पुसो मामा म्हणून बसणार असेल तर मी जिल्हा कचेरीत सही करून मोकळी होते, मला तुंबा नको आणि पाणीही नको. ती बोलते तसं करते. आणि तसं झालं तर ती या घरातून कुणीच न दिलेली मुलगी म्हणून जाईल. मी तशीच राहिले, तिचं तसं होऊ नये एवढंच मला वाटतं.

तू नव्या खाणीत मोठ्या यंत्रांवर देखरेख करतोस आणि तुला रजा मिळत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. विचारतील त्यांना मीच सांगते.

आता माझ्या कामाचं. रोपांचा धंदा तसाच आहे, रस्त्याकडेला, हिरव्या जाळीखाली. मागच्या हिवाळ्यापासून त्यात एक भर पडली आहे. मी प्लास्टिकच्या कुंड्यांना दगडाचं रूप देते. याची सुरुवात गोराताने केली. फेन्योच्या घरी ती पहिल्यांदा जाऊन आली आणि दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, त्यांच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना दगडाच्या कुंड्या आहेत, अखंड दगडातून कोरलेल्या, चौघांना उचलत नाहीत अशा. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "मग काही नाही. आपल्या फाटकाशी तेलाचे डबे आहेत, एवढंच." मला राग आला नाही. डबे होतेच. त्यांत मी कोरफड लावली होती आणि डब्यांवर अजून तेलाच्या कंपनीचं सूर्यफूल दिसत होतं.

चिनी माणसाच्या दुकानात काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या कुंड्या मिळतात, पातळ, दाबल्या की आत जाणाऱ्या. त्या मी आणल्या. गोराताने फोनवर एका बाईचं चित्रण दाखवलं. कुठल्या तरी हिरव्यागार देशातली बाई, पाठीमागे ओलं गवत, ती हसत हसत कुंडीला रंग फासते आणि क्षणात ती कुंडी दगडाची होते. सोपं आहे, असं ती दर वाक्याला म्हणते. तिच्याकडे वारा नसतो, धूळ नसते आणि शेळ्याही नसतात. रंगात खाण्याचा सोडा मिसळा म्हणते, म्हणजे खरखरीत होतो. मी सोड्याऐवजी वाळू घेतली. कोलोबेंग नदीच्या कोरड्या पात्रातली, पिठाच्या चाळणीने चाळलेली. वाळूत पांढरा गोंद, गोंदात रंग. घट्ट झालं ते मिश्रण बघून मला आईची आठवण झाली. वारुळाची माती आणि शेण मिसळून ती असंच मऊ करायची आणि अंगणाची भिंत सारवायची. माझे हात आपोआप तसेच चालले. आणि तिथेच चूक झाली. आई म्हणायची, भिंत तहानलेली असते, आधी तिला पाणी दाखव, मग माती दे. मी कुंडीवर तांब्याभर पाणी ओतलं, ओली करून घेतली आणि वरून थर दिला. थर छान बसला. मी हात धुऊन आले तोवर तो सगळा खाली घसरून बुडाशी गोळा झाला होता, पोरांचा पायमोजा उतरतो तसा. दुसऱ्या कुंडीला मी आणखी जास्त पाणी दाखवलं, कारण मला वाटलं कमी पडलं असेल. गोराता रविवारी आली तेव्हा अशा पाच-सहा कुंड्या रांगेने पायमोजे उतरवून उभ्या होत्या. ती जमिनीवर बसून हसली. म्हणाली, "आई, प्लास्टिकला तहान नसते गं."

गाबाइत्से मावशी तेव्हा इथेच होती, सावलीत पाय पसरून. मावशी आता काठी घेते, पण जीभ तीच आहे. म्हणाली, "पोरी, देवाने या गावात एवढे दगड फुकट पसरून ठेवलेत, आणि तू बसून ते रंगवतेस होय?" मी म्हटलं, मावशी, ते पोकळ नाहीत, त्यात झाड कसं लावू. ती म्हणाली, "डोकं पोकळ असलं की पुरतं."

प्लास्टिकला कोरडं लागतं. आधी साबणाने धुवायचं, कारण त्याला कारखान्याचं तेल असतं. मग दिवसभर वाळू द्यायचं. मग काचकागदाने घासायचं, चकाकी पूर्ण जाईपर्यंत, कडेच्या आत बोटभर सुद्धा, नाहीतर माती भरताना तिथूनच पापुद्रा सुटतो. मग अस्तराचा पातळ हात. मग वाळूचा थर, ब्रशने ओढायचा नाही, ठोकायचा. एक जुना स्पंज मी दातांनी तोडून वेडावाकडा केला आहे, तो सगळ्यात चांगला. ऑक्टोबरच्या उन्हात हे काम बाहेर करता येत नाही, थर पसरायच्या आत सुकतो. मी उजाडताना जाळीखाली करते.

रंगाचं सांगते. दगड करडा असतो असं आपण म्हणतो. मी कोबोक्वेच्या गुहेकडून एक दगड आणला आणि तो खिडकीत ठेवून बघत बसले. त्यात करडा असा नाहीच. खालचा काळपट, वर तांबूस, खळग्यांत जवळजवळ हिरवा, आणि उंचवट्यांवर ऊन लागून पांढरा पडलेला. म्हणून आता मी आधी गडद हात देते, त्यावर मधला, मग काळ्या रंगाचं पातळ पाणी सगळीकडे लावून लगेच फडक्याने पुसते. ते खळग्यांत राहतं, उंचवट्यावरून जातं. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश पांढऱ्यात टेकवून वरवर फिरवायचा. आणि जुन्या टूथब्रशने थोडे तांबडे शिंतोडे, अंगठ्याने उडवायचे, हात न थांबवता. थांबून विचार केला की ते शिंतोडे शिंतोड्यांसारखे दिसतात.

एक गोष्ट मला सोडून द्यावी लागली. ओला थर समोर आला की माझी चार बोटं त्यात लाटा काढायची, आई भिंतीवर काढायची तशा. मला कळायचंही नाही. गोराता म्हणायची, "आई, दगडावर बोटं उमटत नाहीत." ते खरं होतं. मी हातात स्पंज धरायला लागले ते त्यासाठीच, म्हणजे बोटं मोकळी राहू नयेत. तरी एका कुंडीवर त्या लाटा राहून गेल्या आणि तीच सगळ्यात आधी विकली गेली. ती थामागाच्या एका मास्तरणीने नेली. तिने विचारलं, कुठला दगड? मी म्हटलं, प्लास्टिक आहे बाई, रंगवलेलं. ती म्हणाली, मग हे बोटांचं? मी म्हटलं, ते खरं आहे. मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. विचारलं तर सांगते. विचारलं नाही तर गप्प राहते.

तुला आठवतं का, त्या भिंतीसाठी वारुळाची माती तू आणायचास. ते काम मुलींचं होतं. गुराखी पोरं हसायची, आणि तू डोक्यावर टोपलं घेऊन त्यांच्यातून सरळ चालत यायचास. एकदा त्यांनी तुला टोपल्यासकट ढकललं. तू माती पुन्हा भरलीस आणि घरी येऊन आईला सांगितलंस की ठेच लागली. आईने विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. तू तेव्हापासून असाच आहेस. तुला काही झालं की ठेच लागलेली असते.

आपल्या फाटकाशी दोन कुंड्या मी सगळ्यात मोठ्या केल्या. त्यात कोरफडच लावली, तेवढीच जगते. आणि गेल्या महिन्यात कान्येचे लोक पहिल्यांदा आले. मागणी नव्हे, आम्ही येऊ का एवढं विचारायला. फेन्योचा थोरला काका, त्याची बायको आणि आणखी दोघे. आपल्याकडून गाबाइत्से मावशी आणि रा-पुसो. रीतीप्रमाणे त्यांना फाटकाबाहेर उभं ठेवलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. काका उंच, म्हातारा, कडक इस्त्रीची विजार, हॅट. उभा राहून कंटाळला. इकडे तिकडे बघितलं आणि बुटाची नाडी बांधायला त्याने एक पाय उचलून माझ्या कुंडीच्या काठावर ठेवला. सगळं वजन टाकून, जसं माणूस दगडावर टाकतो. कुंडी गेली, कोरफड गेली, आणि म्हातारा एका गुडघ्यावर येऊन फाटकाला लटकला. हॅट आत आली, माणूस बाहेर.

ओलेबिले, रा-पुसो तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. गोराता माझ्या मागे उभी होती, तिने माझा दंड धरला, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते. मला वाटलं, संपलं. खडकावर वसलेल्या कान्येच्या लोकांना मी रंगवलेला दगड दाखवायला गेले. म्हातारा उठला. गुडघा झटकला. वाकून त्याने कुंडी एका हाताने उचलली आणि उलटी करून तिचं बूड बघितलं. तिथे मी रंग देत नाही, तिथे ती काळीच असते. मग आत बघून मोठ्याने म्हणाला, "कान्येला असा दगड असता तर डोक्यावर वाहून आमच्या बायकांच्या माना एवढ्या आखूड झाल्या नसत्या." त्याची बायको म्हणाली, "माना राहू द्या, तुमचा गुडघा बघा आधी. आयुष्यभर दगड फोडले आणि शेवटी प्लास्टिकने पाडलं." मावशी हसायला लागली ती खोकायला लागेपर्यंत. म्हातारा विचारत होता, हे कुणी केलं. मावशी म्हणाली, मुलीच्या आईने. तो म्हणाला, "हात चांगला आहे. पण तळाशी धोंडे घालायला सांगा तिला, वाऱ्याने उडून गावभर फिरेल ही." मी आता घालते. एवढं मला आधीच सुचायला हवं होतं.

मग ते आत आले, बसले, चहा झाला, मुठीएवढे माग्विन्या, आंबवलेल्या पिठाचे गोळे, मी तळले होते ते संपले. आणि म्हाताऱ्याने हसणं बंद करून विचारलं, "मुलीचा मामा कुठे आहे?" मावशी म्हणाली, कामावर, उत्तरेला, मोठ्या कामावर आहे. रा-पुसो पुढे सरकून म्हणाला, मी आहे ना. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही मामा?" "मामासारखाच." म्हातारा म्हणाला, "सारखं आम्ही बाहेर बघितलं." तो पुढे म्हणाला, "आम्ही पाणी मागायला येऊ ते मामाकडे. तो असेल तेव्हा सांगा." तारीख मावशीने दिली. ही शनिवारची. ती म्हणाली, मामा येईल. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

ते गेल्यावर मावशी मला म्हणाली, खुर्ची रिकामी राहत नसते, पोरी, कुणीतरी बसतंच. मग तिने तुझ्यासाठी तो शब्द वापरला, खाणीवर गेला आणि तिकडेच विरघळला अशा माणसासाठी आपल्याकडे आहे तो. बाबांच्या भावासाठी वापरायचे तो. मी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हटलं, मावशी, माझ्या घरात हा शब्द नको. ती काठी टेकत उठली.

आता प्रवासाचं. फ्रान्सिसटाउनच्या बाहेर पाहुण्यांसाठी एक निवास आहे, त्याची मालकीण इथून जाताना थांबली होती. तिला दगड नकोच होता. तिच्याकडचे लोक रोज कुंड्या उन्हातून सावलीत हलवतात आणि त्यांच्या पाठी धरतात, म्हणून तिला हलक्या हव्या होत्या. तिने मोठ्या कुंड्या सांगितल्या, बऱ्याच. रा-थुसोची मागे उघडी गाडी ठरवली. तो पलीकडच्या वाडीतला, विटा वाहतो, बोलतो कमी आणि गातो फार. कुंड्या गवतात बसवल्या, दोरीने बांधल्या, आणि मीही बरोबर निघाले, कारण उतरवताना लोक काठाला धरून ओढतात आणि थर तडकतो. बुडाखाली हात घालून उचलायचं असतं. शिवाय माझ्या मनात दुसरंही होतं. पालाप्येला तुझ्या खाणीकडे फाटा फुटतो. परतताना तिकडे वळायचं, तुला शोधायचं आणि शनिवारचं तोंडावर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. वाळवलेल्या रानभाजीचं एक पुडकं तुझ्यासाठी घेतलं होतं.

दिबेतेच्या नाक्यावर गाडी अडवली. जनावरांचा रोग पसरू नये म्हणून तिथे बूट औषधात भिजवलेल्या गोणपाटावर घासायला लावतात, ते मी करत होते. नाक्यावरचा साहेब गाडीभोवती फिरला. रा-थुसोला म्हणाला, "म्हाताऱ्या, एवढा डोंगर या टायरांवर? गाडीची दया नाही, निदान आमच्या रस्त्याची तरी करा." रा-थुसो गाणं म्हणत मागे गेला, सगळ्यात मोठी कुंडी काढली आणि साहेबाच्या हातात दिली. साहेबाने दोन्ही हात आणि कंबर लावून तयारी केली होती. कुंडी एवढ्या झटक्यात वर गेली की तिची कड त्याच्या कपाळाला लागली. त्याने आजूबाजूच्या सगळ्यांना बोलावून एकेकाला ती उचलायला दिली. आमची अर्धी सकाळ तिथे गेली. निघताना तो म्हणाला, माझ्या सासूला एक हवी, तिला दगड आवडतात.

पालाप्येला मी फाटा बघून ठेवला. तिथे मक्याची कणसं घेतली. दुपारी त्या निवासावर पोचलो, कुंड्या उतरल्या, आणि आम्ही परत निघालो. पालाप्येला रा-थुसोने गाडी हळू केली आणि विचारलं, वळायचं ना? मी म्हटलं, नको, सरळ घरी चल.

का ते आता लिहिते. निवासाच्या फाटकावर गाडी थांबली तेव्हा टोपी घातलेला एक माणूस, हातात पाटी घेऊन, गाडीचा नंबर लिहायला पुढे आला. चेहरा दिसायच्या आधी मी चाल ओळखली. डावा खांदा खाली टाकून चालणारा आपल्या घरात एकच आहे. मी शाल तोंडावरून ओढली आणि दाराला डोकं टेकून झोपल्यासारखी पडले. तू रा-थुसोला म्हणालास, "दादा, हा डोंगर उतरवायला माणसं आणलीत का? इथे मी एकटाच आहे." त्याने तुला एक उचलायला सांगितली. तू उचललीस आणि हसलास. ते हसणं मी किती वर्षांनी ऐकलं ते मोजत नाही. रा-थुसो मला हाक मारायला लागला, तेव्हा तू म्हणालास, "झोपू द्या हो म्हातारीला, मी आहे की." आणि सगळ्या कुंड्या तू उतरवल्यास. तुझं ते काम नव्हतं. शालीच्या विणीतून मी बघत होते. कुणी न सांगता तू बुडाखाली हात घालत होतास. तू बारीक झाला आहेस. बूट मात्र लखलखीत होते. मी डोळे उघडले असते तर तुला तिथल्या तिथे काहीतरी सांगावं लागलं असतं, ठेच लागल्याचं, आणि मला ते खरं धरावं लागलं असतं. ते मला नको होतं. रा-थुसोला मी पालाप्येच्या पुढे सांगितलं. तो गाणं थांबवून म्हणाला, "तुमचा भाऊ होय? चांगला माणूस आहे. एक टवका उडू दिला नाही." दुसरं त्याने काही विचारलं नाही, आणि तो कुणाला सांगणारही नाही. गोराताला मी एवढंच सांगितलं की मामा बरा आहे. तुझी जुनी खाण बंद झाली हे तिलाही माहीत आहे. नवी कधी नव्हतीच, हे तिला तू सांग, किंवा सांगू नकोस. शनिवारी कान्येच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय करता, तर फाटकावर असतो म्हण. तो खरं ऐकून घेणारा माणूस आहे. बाबांचं जाकीट मी उन्हात टाकलं आहे, खांद्यात तुला ते थोडं मोठं होईल. काही आणायचं नाहीस. रजा मी मालकिणीकडे मागितलेली नाही, ती तुझी तू माग, बाई ऐकून घेते. मला म्हातारी म्हणालास त्याचं काय करायचं ते घरी आलास की बघू. तू हे वाचतोयस तेव्हा रा-थुसो दुसरी खेप घेऊन तुझ्या फाटकावर आला आहे. कुंड्या उतरल्या की तो सावलीत झोप काढेल, आणि ऊन कलल्यावर रिकामी गाडी घेऊन निघेल. या खेपेला मी त्याच्याबरोबर आले नाही. त्याच्या शेजारची जागा मोकळी आहे.

तुझीच थोरली,
मोसिदी